कॅसेटीतले लग्न डिस्कवर: घरगुती रेकॉर्डरची निवड

जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिस्कवर घ्यायच्या असतील तर रेकॉर्डर विकत घेण्याआधी कपाटातल्या कॅसेटी बाहेर काढून एकदा नीट पाहाव्या लागतात. परभणी जिल्ह्यातल्या घरांत त्या बहुधा व्हीएचएस या जातीच्याच निघतात. १५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शन रंगीत झाले, नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ झाले आणि त्या सुमारास परदेशी व्हीसीआर देशात मोठ्या संख्येने येऊ लागले. पुढच्या काळात सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर, पूर्णा अशा बाजारपेठेच्या गावांतून गणपतीत किंवा एखाद्या कार्यात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर चित्रपट पाहिले जात. त्याच व्हीसीआरमुळे लग्नाच्या शूटिंगला गिऱ्हाईक मिळाले. पॅनासॉनिकचे एम-३०००, एम-९००० हे खांद्यावर ठेवायचे कॅमेरे अख्खी व्हीएचएस कॅसेटच पोटात घेत, आणि फोटो स्टुडिओवाल्यांचा सीझन त्यांच्यावर चाले. लग्न, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, सप्ताहातले काल्याचे कीर्तन, परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याचा उरूस असे बरेच काही या कॅसेटींवर साठत गेले.

मोठ्या काळ्या कॅसेटींबरोबर कधी तळहातावर मावणाऱ्या छोट्या कॅसेटीही सापडतात, आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या नसतात. व्हीएचएस-सी ही व्हीएचएसचीच लहान आवृत्ती. ती अडॅप्टरमध्ये बसवून साध्या व्हीसीआरवर वाजते. सोनी हँडीकॅमची व्हिडिओ-८ किंवा हाय-८ कॅसेट व्हीसीआरमध्ये जातच नाही. तिची फीत ८ मिलिमीटर रुंद असते आणि तिला त्याच जातीचा कॅमेरा लागतो. साधारण २००० नंतर स्टुडिओवाल्यांकडे मिनी-डीव्ही आली. तिच्यावर चित्र आकड्यांच्या रूपातच साठलेले असते, त्यामुळे तिला रेकॉर्डरची गरज नाही. मिनी-डीव्ही कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने ती संगणकावर जशीच्या तशी उतरते. एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. हाय-८ च्या बाबतीतही एक चांगली वाट आहे. सोनीच्या डिजिटल-८ हँडीकॅमपैकी काही मॉडेल्स जुन्या व्हिडिओ-८ आणि हाय-८ कॅसेटी वाजवतात आणि त्याच फायरवायरमधून डिजिटल रूपात बाहेर देतात. असा कॅमेरा नात्यात कोणाकडे पडून असेल तर त्याच्यापुढे बाजारातला कोणताही रेकॉर्डर फिका पडतो.

उरते ती व्हीएचएस, आणि खरा प्रश्न तिचाच आहे. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये आणलेल्या या पद्धतीत अर्धा इंच रुंदीची फीत वापरतात. व्हीसीआरच्या पोटात ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम तिरका बसवलेला असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ वेळा फिरतो. फीत मात्र सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते, म्हणून १८० मिनिटांच्या कॅसेटमध्ये सुमारे २५८ मीटर फीत पुरते. ड्रमवरची दोन हेड्स फितीवर तिरपे पट्टे ओढत जातात. त्यांची रुंदी ४९ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी असते. वाजवताना हेडने नेमक्या त्याच पट्ट्यावरून जायला हवे. फीत थोडी ताणली गेली, रबरी रोलर गुळगुळीत झाला किंवा हेडवर धूळ बसली की पट्टा चुकतो. मग चित्रावर पांढरे ओरखडे येतात, वरचा भाग झुकतो, कधी पडदा नुसताच निळा होतो.

फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकट द्रव्याने बसवलेली लोहाच्या ऑक्साइडची भुकटी. हे चिकट द्रव्य दमट हवेत हळूहळू ओलावा शोषते आणि विघटन पावते. परभणीत मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात माळ्यावर त्याहून जास्त तापते, आणि लगेच जून-जुलैत हवा ओलावते. वर्षानुवर्षे हा उन्हाळा-पावसाळा सोसलेली कॅसेट आणि थंड, कोरड्या खोलीत ठेवलेली कॅसेट यांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. जागतिक पातळीवरही काळजी आहे: युनेस्कोने २०१९ मध्ये ध्वनी व दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसोबत चुंबकीय फितींबद्दल इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला. फिती वाजवणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग २०२५ च्या सुमारास मिळेनासे होतील, असे त्या क्षेत्रातल्या जाणकारांचे मत त्यामागे होते. जपानच्या फुनाई कंपनीने तर २०१६ च्या जुलैतच व्हीसीआर बनवणे बंद केले होते. नवा व्हीसीआर आता जगात कुठेच तयार होत नाही, हे गृहीत धरून पुढचे सगळे ठरवावे लागते.

म्हणून पैसे आणि वेळ आधी व्हीसीआरवर खर्च करावा, रेकॉर्डरवर नंतर. चांगल्या व्हीसीआरमधून निघालेले चित्र साधा रेकॉर्डरही बऱ्यापैकी टिपतो. हललेले चित्र महागडा रेकॉर्डरही सरळ करू शकत नाही. घरातला व्हीसीआर बंद पडला असेल तर त्याच्या पट्ट्याचे आणि रोलरचे रबर बहुधा गेलेले असते, आणि हे काम एकेकाळी व्हीसीआर दुरुस्त करणारा जुना टीव्ही मेकॅनिक आजही करू शकतो. परभणीत तसा माणूस सापडला नाही तर नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबादला चौकशी करावी. जुने यंत्र विकत घेताना ते टीव्हीला जोडून, कॅसेट टाकून, पुढे-मागे पळवून पाहावे. चाचणीसाठी कोणत्या तरी चित्रपटाची नको असलेली कॅसेट न्यावी. घरच्या लग्नाची कॅसेट अनोळखी व्हीसीआरमध्ये पहिल्यांदा टाकू नये, कारण यंत्राने फीत खाल्ली तर ती चुरगळते आणि तेवढा भाग कायमचा जातो. स्वस्तातला व्हीसीपी फक्त वाजवतो, रेकॉर्ड करत नाही, पण या कामाला तोही चालतो. आवाज हाय-फाय पद्धतीने भरलेला असेल तर मात्र हाय-फाय व्हीसीआरच घ्यावा.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी तिच्या पाठीवरची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकावी. मग तिच्यावर चुकूनही दुसरे काही रेकॉर्ड होत नाही. बरीच वर्षे न लावलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणावी, म्हणजे घट्ट बसलेली फीत मोकळी होते. खिडकीतून पाहिल्यावर रिळाच्या कडेवर पांढरी पावडर किंवा जाळे दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट लावली की बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. ती बाजूला, वेगळ्या पिशवीत ठेवावी आणि फीत साफ करणाऱ्याकडेच द्यावी. हेड साफ करायचे तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा वापरतात. चामडे ड्रमला टेकवून धरायचे आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासले तर हेडची टोके तुटतात. कापसाच्या काडीने हेड पुसण्याची सवय याच कारणासाठी वाईट.

रेकॉर्डरचे चार मार्ग आहेत. पहिला, एकाच डब्यात व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर असलेले कॉम्बो यंत्र. एलजी, सॅमसंग, पॅनासॉनिक अशा कंपन्यांनी २००५ च्या आसपास ती बाजारात आणली. एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी डिस्क, मधले बटण दाबले की काम सुरू. केबलचा गोंधळ नसतो, म्हणून घरातल्या ज्येष्ठांनाही ते जमते. अडचण अशी की त्यातला व्हीसीआर सहसा साधा असतो, आणि दोहोंपैकी एक भाग बिघडला की उरलेल्याचा उपयोग अर्ध्यावर येतो. ज्या घरात पाच-दहा कॅसेटी आहेत आणि संगणकाची सवय नाही, त्या घराला हे यंत्र पुरेसे आहे, मात्र ते चालू स्थितीत मिळायला हवे.

दुसरा मार्ग सुटा डीव्हीडी रेकॉर्डर, ज्याला चांगला व्हीसीआर बाहेरून जोडता येतो. तिसरा, त्याच रेकॉर्डरमध्ये हार्ड डिस्क असलेला प्रकार. यात चित्रण आधी हार्ड डिस्कवर जाते. नंतर नको तो भाग कापून, प्रसंगांचे तुकडे पाडून डिस्क लिहिता येते. डिस्क खराब निघाली तर कॅसेट पुन्हा वाजवावी लागत नाही, आणि वठलेल्या फितीसाठी हा फायदा सगळ्यांत मोठा. परभणीत त्याला आणखी एक कारण आहे. वीज मध्येच गेली तर डिस्कवर थेट चाललेले रेकॉर्डिंग तुटते, आणि डिस्क फायनलाइझ झालेली नसल्याने ती दुसऱ्या कोणत्याही प्लेअरवर उघडत नाही. भारनियमनाची आठवण असलेल्या जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. यंत्र कोणतेही असो, व्हीसीआर आणि रेकॉर्डर दोन्ही यूपीएसवर चालवावे. घरातला इन्व्हर्टर जुन्या पद्धतीचा, चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसू शकतात; तेव्हा शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर असल्यास बरे.

डीव्हीडी रेकॉर्डरवर एक्सपी, एसपी, एलपी, ईपी असे वेग असतात. ४.७ जीबीच्या साध्या डिस्कवर एक्सपीमध्ये १ तास, एसपीमध्ये २ तास, एलपीमध्ये ४ तास मावतात. तीन तासांचे लग्न एका डिस्कवर बसवण्यासाठी एलपी निवडण्याचा मोह होतो, पण तिथे दर सेकंदाला मिळणारी माहिती निम्मी होते आणि बरेच रेकॉर्डर चित्राची रुंदीही अर्ध्यावर आणतात. व्हीएचएसचे चित्र आधीच मऊ असते, त्यात फितीचा कचकचाट असतो. या कचकचाटालाच रेकॉर्डर तपशील समजतो आणि सगळी शक्ती त्यावर खर्च करतो. वरातीतल्या हलत्या गर्दीत मग चौकोनी ठोकळे दिसू लागतात. दोन डिस्क लागल्या तरी एसपीच बरा. मंगलाष्टकांपर्यंत एक डिस्क, सत्कार, पंगती आणि पाठवणी दुसरीवर, अशी विभागणी नैसर्गिकही असते.

जोडणीकडे फार कमी लोक लक्ष देतात. पिवळ्या, पांढऱ्या, लाल पिनांची साधी एव्ही केबल चालते, पण ती जाड आणि लहान असावी. व्हीसीआरला एस-व्हिडिओचे तोंड असेल तर चित्रासाठी ते वापरावे. रंग आणि उजेड वेगळे येतात, कडांवर रंग सांडत नाही. अँटेनाच्या तारेने व्हीसीआर जोडणे मात्र टाळावे. तिच्यात चित्र एकदा लहरीत मिसळून पुन्हा वेगळे करावे लागते. पिवळ्या पिनेचे चित्र एचडीएमआयमध्ये बदलून देणारे छोटे डबे बाजारात स्वस्त मिळतात. ते टीव्हीवर पाहण्यापुरते ठीक, जतनासाठी वाईट: चौकोनी ४:३ चित्र ताणून रुंद करतात आणि सगळी माणसे बसकी दिसतात.

काही वेळा रेकॉर्डर मध्येच थांबतो आणि कॉपीला मनाई असल्याचा संदेश दाखवतो. विकत मिळणाऱ्या चित्रपटांच्या काही कॅसेटींवर मॅक्रोव्हिजन नावाचा अडथळा मुद्दाम घातलेला असे. घरच्या लग्नाच्या कॅसेटवर तो नसतो, तरी फीत ताणलेली असली की रेकॉर्डरची फसगत होते. अशा वेळी चित्राची ओळ-न्-ओळ सरळ करणारा टाइम बेस करेक्टर उपयोगी पडतो. सुटे यंत्र महाग असते. पण पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे २००५-०६ मधले रेकॉर्डर चित्र नुसते आरपार नेले तरी ते स्थिर करतात, म्हणून जगभरचे छंदी लोक ते आजही शोधतात. जुन्या बाजारात तसा एखादा हाती लागला तर डिस्क लिहिण्याचा भाग बंद असला तरी घ्यावा.

चौथा मार्ग संगणकाचा, आणि आजच्या परिस्थितीत बहुतेक घरांसाठी हाच सर्वांत योग्य. डीव्हीडी रेकॉर्डर नवे मिळत नाहीत, तर यूएसबी कॅप्चर उपकरण अजून मिळते. त्याच्या एका टोकाला एव्ही किंवा एस-व्हिडिओ, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप. ईझीकॅप नावाने विकली जाणारी अगदी स्वस्त उपकरणे नशिबाचा भाग आहेत: वरून सारखी दिसली तरी आतली चिप निरनिराळी असते, चालक सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असे नसते, आणि तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज ओठांच्या मागे पडत जातो. हॉपॉज यूएसबी-लाइव्ह २ किंवा आय-ओ डेटा जीव्ही-यूएसबी२ अशा नावाजलेल्या उपकरणावर थोडे जास्त पैसे घालणे शहाणपणाचे. सॉफ्टवेअरमध्ये पद्धत पाल, आकार ७२० बाय ५७६ आणि २५ फ्रेम्स ठेवाव्यात. व्हीएचएसचे प्रत्येक चित्र सम आणि विषम ओळींच्या दोन भागांत येते. हे भाग रेकॉर्डिंग करतानाच एकत्र न करता तसेच ठेवावेत, नंतर प्रत काढताना जोडता येतात.

अमेरिकेत असलेल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटी एनटीएससी पद्धतीच्या असतात, आणि सौदीतून आलेल्या काही कॅसेटींवर सेकॅम पद्धतीचे रंग असतात. साध्या पाल यंत्रावर पहिल्या प्रकारात चित्र उड्या मारते, दुसऱ्यात ते काळे-पांढरे दिसते. कॅसेट बिघडली असे समजून ती टाकून देण्याआधी मल्टिसिस्टीम व्हीसीआरवर लावून पाहावी. आखाती देशांतून आणलेले व्हीसीआर अनेकदा मल्टिसिस्टीमच असत, त्यामुळे असे यंत्र आपल्याच मोहल्ल्यात निघण्याची शक्यता असते.

काही घरांत हे काम एकदा झालेले आहे असा समज असतो, कारण २००० नंतर स्टुडिओंनी अनेक लग्ने व्हीसीडीवर करून दिली. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ इतके लहान असते आणि तिचा वेग सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट, डीव्हीडीच्या एसपी वेगाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. त्या व्हीसीडीवरून डीव्हीडी करण्यात काही अर्थ नाही. मूळ कॅसेट असेल तर तिच्याकडेच परत जावे. त्याहून चांगले म्हणजे स्टुडिओत विचारावे: घरी दिलेली कॅसेट बहुधा मिक्सिंग झाल्यावर काढलेली प्रत असते, आणि मास्टर स्टुडिओत राहिलेला असण्याची शक्यता असते. मास्टर मिळाला तर चित्र एक पायरी वरचे मिळते.

स्वतः करण्याऐवजी हे काम स्टुडिओकडे देणाऱ्यांनी तीन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात. कॅसेट पूर्ण वाजवून घेणार की वेगवेगळ्या यंत्रांवर घाईने, कोणत्या वेगाने डिस्क लिहिणार, आणि डिस्कबरोबर मूळ फाइल पेनड्राइव्हवर देणार का. तिसरी गोष्ट मान्य नसेल तर दुसरीकडे जावे. नव्या लॅपटॉपला डिस्क ड्राइव्ह नसते, नव्या टीव्हीला प्लेअर जोडलेला नसतो; फाइल जवळ नसेल तर पाच वर्षांनी तीच अडचण नव्या वेशात पुढे येते. म्हणून डीव्हीडीसाठी एमपेग-२ आणि मोबाइलसाठी एमपी४ अशा दोन्ही प्रती ठेवाव्यात. सेकंदाला ४ मेगाबिटच्या एमपी४ ला तासाला सुमारे १.८ जीबी पुरते.

डिस्क निवडताना नावापेक्षा ताजेपणा पाहावा. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर ही एकेकाळी जगातल्या मोठ्या डिस्क उत्पादकांत गणली जाई. २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत ती कंपनी अवसायनात गेली. तिचा जुना पडून राहिलेला माल अजून दुकानांत दिसतो. लिहिण्याच्या डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने फिकट होतो, तेव्हा वर्षानुवर्षे दुकानाच्या काचेमागे तापलेला माल टाळावा. डीव्हीडी-आर जुन्या प्लेअरना सर्वांत जास्त पचते. कमाल वेगाने न लिहिता ४ किंवा ८ च्या वेगाने लिहावी आणि लिहून झाल्यावर वाचून तपासावी. एम-डिस्क या प्रकारात माहिती रंगद्रव्याऐवजी दगडासारख्या टणक थरात कोरली जाते. तिला योग्य रायटर लागतो, पण ज्या एका लग्नाची दुसरी प्रत जगात नाही त्याला ती शोभते. एकूण प्रती तीन असाव्यात: एक डिस्कवर, एक हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या घरी.

सगळ्यांत जास्त उपयोगी आणि सगळ्यांत जास्त टाळले जाणारे काम म्हणजे नावे लिहिणे. पडद्यावर फेटा बांधलेला माणूस कोण, हे सांगणारी पिढी अजून घरात आहे तोवर तिला शेजारी बसवून मिनिटाप्रमाणे नोंद करावी: कुठल्या गावचे वऱ्हाड, मांडव कोणाच्या दारी, कीर्तन कोणाचे. तारखेबाबत सावध राहावे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या कॅसेटींवर वसमत किंवा कळमनुरीच्या गावांपुढे 'जि. परभणी' असेच लिहिलेले असते. ते मूळ लेबल तसेच ठेवून शेजारी आजचा जिल्हा लिहावा. नोंदीची एक छापील प्रत डिस्कच्या डबीत आणि एक फाइलच्या फोल्डरमध्ये असावी. डिस्कवर लिहायचे तर मऊ टोकाच्या पाण्याच्या शाईच्या पेनने, कागदी लेबल चिकटवू नये.

डिस्क तयार झाली म्हणून कॅसेट फेकू नये. पुढे चांगले यंत्र हाती आले तर त्याच फितीतून याहून चांगले चित्र काढता येते. ती पूर्ण गुंडाळून, उभी, माळ्यावरच्या पत्र्यापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब, कोरड्या कपाटात ठेवावी. डिस्क दर दोन-तीन वर्षांनी एकदा लावून पाहावी. अडखळायला लागली की हार्ड डिस्कवरच्या प्रतीवरून लगेच दुसरी लिहावी.